वाण वीस रुपयांचं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गुरांना वैरण टाकून आत्ताच जरा टेकल्या असाल. हातातलं काम थांबवू नका. हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या.

संक्रांत जवळ आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकू चालतं, वाण लुटलं जातं. आज मला वाणाबद्दलच बोलायचंय, पण घरच्या वाणाबद्दल नाही. कामावरच्या वाणाबद्दल बोलायचंय.

आता आपल्यातल्या कितीतरी जणी कामावर जातात. कुणी मसाल्याच्या कांडपावर, कुणी शिवणकामाला. कुणी शाळेत पोषण आहार शिजवते, कुणी अंगणवाडीत आहे, कुणी आशाताई आहे. जिथं रोज पाच-सहा तास एकत्र काढतो तिथं सणवार होणारच. हळदीकुंकू होतं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचा आहेर होतो, कुणी काम सोडून चालली तर तिला साडी-नारळ होतो. हे सगळं चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की तिथं किती खर्च करायचा? ते कुणी ठरवायचं? आणि ठरलं, तर ते पाळायचं कसं, की कुणाचं मन दुखणार नाही?

विषय बारीक वाटेल. मलाही तसंच वाटायचं. एका वहिनीचा हप्ता थकला तेव्हा माझे डोळे उघडले. तीच गोष्ट आधी सांगते. त्यात चूक माझी आहे, हेही आधीच सांगून टाकते.

मी ज्या गटांचं काम बघते त्यातल्या एका गटाच्या १४ जणी मिळून मसाला करतात. मिरचीची देठं काढणं, भाजणं, कांडप, चाळणं, वजन करून पिशव्या भरणं, सगळं त्याच करतात. सुरुवातीच्या संक्रांतीला तिथं वाण म्हणजे दहा रुपयांची वस्तू असायची. कुणी कंगवा, कुणी साबणाची वडी, कुणी चहाची गाळणी. हसत-खेळत व्हायचं.

एका वर्षी मला वाटलं, या बाया वर्षभर आपलं ऐकतात, बैठकीला वेळेवर येतात, आपण त्यांना काहीतरी चांगलं द्यावं. मी साठ रुपयांचा एकेक स्टीलचा डबा आणला. १४ डबे, ८४० रुपये. माझं मानधन झालं होतं, मला ते जड गेलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं, डबे उलटेपालटे करून बघितले. मी खूश होऊन घरी आले.

पुढच्या संक्रांतीला कुणी दहाचं वाण आणलंच नाही. ताईंनी डबा दिला, मग आपण गाळणी कशी द्यायची? वाण शंभरावर गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी दीडशेवर. कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठरल्यासारखं वाटत होतं.

आता हिशेब बघा. दीडशेचं वाण एका बाईनं बाकीच्या तेरा जणींना द्यायचं, म्हणजे १,९५० रुपये. मला दिलेलं वाण मी यात धरलेलंच नाही. तिथं रोजची हजेरी २५० रुपये पडते. म्हणजे जवळजवळ आठ दिवसांची हजेरी वाणात गेली. १४ जणींचे मिळून २७,३०० रुपये झाले. आणि प्रत्येकीच्या घरात काय आलं? तेरा वस्तू. त्यात चार-पाच तर एकसारख्याच. जेवढं दिलं तेवढंच परत आलं. फरक एवढाच, की जाताना पैसे गेले आणि येताना डबे आले. डब्यांनी किराणा भरता येत नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी एका वहिनीनं गटातून २,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, दवाखाना. गटानं दिलं. व्याज महिना दोन टक्के, परतफेड दहा हप्त्यांत. पहिले दोन हप्ते आले, तिसरा आला नाही, चौथाही नाही. मी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, हप्ता का थकला? आजार अजून चालूच आहे का?" ती काही बोलली नाही. मान खाली घालून बसली. मला वाटलं, टाळते आहे. मी नियमित परतफेडीवर दहा मिनिटं भाषण केलं.

बैठक संपल्यावर ती एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. म्हणाली, "ताई, दवाखाना नव्हता. वाण आणलं होतं. सगळ्या देणार आणि मी एकटीच नाही देणार, कसं दिसतं ते? न यावं म्हटलं तर त्या दिवसाची हजेरी जाते, आणि आले नाही की सगळ्यांना कळतंच."

मी बी.ए. झालेली. बायकांना हिशेब शिकवते. दोन हजाराला दहा महिन्यांत २२० रुपये व्याज होतं हे मी तिला तोंडी सांगू शकते. ते २२० म्हणजे तिची दोन महिन्यांची बचत आणि वर वीस रुपये. पण हे व्याज माझ्या स्टीलच्या डब्यापासून सुरू झालं होतं, हे मला दिसलं नव्हतं.

त्याच महिन्यात मी खर्चाची मर्यादा ठरवायची म्हणून बैठकीत विषय काढला. आणि तिथंही पहिल्यांदा चुकले. मी सगळ्यांना विचारलं, "वाणाला पन्नासच्या वर जायचं नाही, चालेल का?" सगळ्या म्हणाल्या, "चालंल की ताई." मग आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "पन्नासात आता काय येतं? शंभर तरी करा." त्यालाही माना डोलल्या. त्या वहिनीचीसुद्धा डोलली. तेव्हा कळलं, की चारचौघींत "मला जमत नाही" असं कुणीच म्हणत नाही. हात वर करून असली गोष्ट ठरत नसते.

पुढच्या बैठकीला मी वाटीभर चिंचोके नेले. प्रत्येकीला दहा चिंचोके आणि कागदाचा एक तुकडा दिला. एक चिंचोका म्हणजे दहा रुपये. मालाच्या खोलीत एकेकीनं जायचं, एका वाणाला आपल्याला सहज जमतील तेवढे चिंचोके पुडीत बांधायचे, पुडी डब्यात टाकायची, उरलेले वाटीत परत टाकायचे. लिहायचं नाही, बोलायचं नाही. अक्षरओळख नसली तरी कुणाचं अडत नाही.

मग डबा सगळ्यांसमोर उघडला. दहा चिंचोक्यांची पुडी एक निघाली. पाचाच्या तीन, तिनाच्या चार. आणि दोनाच्या सहा. म्हणजे आधीच्या बैठकीत पन्नासाला, शंभराला मान डोलवणाऱ्या चौदाजणींपैकी सहाजणींना वीसच रुपये जमत होते.

थोरल्या काकू बराच वेळ पुड्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मी दीडशेचं तबक दिलं होतं गं सगळ्यांना. ते फेडायला किती जणींनी उसनं काढलं असंल?" कुणी उत्तर दिलं नाही. आमची मर्यादा वीस रुपये ठरली. ती काकूंनीच मोठ्यानं जाहीर केली.

या अनुभवातून आम्ही काही रीती बसवल्या. तुमच्या गटात, तुमच्या कामाच्या जागी उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली रीत. मर्यादा गुपचूप विचारून ठरवायची, आणि जी पुडी सगळ्यात लहान, तिच्यावर ठरवायची. सरासरी काढायची नाही. सरासरी काढली तर जिला कमी जमतं ती पुन्हा कर्जातच जाते.

दुसरी. ठरलेली रक्कम ही वरची हद्द आहे. खाली हद्द नाही. वीस ठरले आणि कुणी पाच रुपयांची वस्तू दिली, कुणी परसातलं काही दिलं, तर ते पूर्ण वाण झालं. "एवढंच?" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तसं तोंडही करायचं नाही. बायकांना तोंड वाचता येतं.

तिसरी. हे सगळं महिनाभर आधी ठरवायचं, मार्गशीर्षातच. आठवड्यावर सण आला की निम्म्या जणींची खरेदी झालेली असते. मग मर्यादा पाळणारी कंजूस दिसते.

चौथी. वाणासाठी, आहेरासाठी गटातून कर्ज द्यायचं नाही, आणि हजेरीतून परस्पर कापूनही घ्यायचं नाही. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाची वही असं सगळं आहे. अंतर्गत कर्ज बी-बियाणाला आहे, दवाखान्याला आहे, पोरांच्या फीला आहे. मैत्रिणीला खूश करायला कर्ज लागत असेल, तर त्या मैत्रिणींनीच रीत बदलायला पाहिजे.

पाचवी रीत जरा नाजूक आहे. कुणी मर्यादा ओलांडली तर? पहिल्याच वर्षी आमच्यातल्या एकीनं ऐंशी रुपयांच्या वाट्या आणल्या. नवीन लग्न होऊन आलेली सून, तिला हौस. मी बोलणारच होते, पण काकूंनी मला डोळ्यानं थांबवलं. सगळ्यांनी वाट्या घेतल्या, तिळगूळ घेतला, जेवढं गोड इतरांशी बोलल्या तेवढंच तिच्याशी बोलल्या. जास्त कौतुक नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी मिरची निवडताना काकू तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझी पहिली संक्रांत आहे. घरी बोलाव आम्हाला, हलव्याचे दागिने घाल, पाहिजे तेवढं लूट. पण कामावर वीसच. इथं आपण सगळ्या एका हजेरीच्या." पोरीला पटलं. चारचौघींत सांगितलं असतं तर ती रडत घरी गेली असती.

तर घरचा सण आपल्या ऐपतीनं आणि हौशीनं करा. मर्यादा कामाच्या जागेपुरती आहे.

सहावी रीत आहेराची. लग्नात माइकवरून नाव आणि रक्कम पुकारतात, ते आपल्याला माहीत आहे. आहेराची वही असते, त्यात बघून आपण परत करतो. कामाच्या जागी ही वही नको. आम्ही एक डबा ठेवतो, झाकणाला फट पाडलेली. ज्याच्या घरी कार्य आहे त्याच्यासाठी ज्याला जे जमेल ते त्यात टाकायचं. यादी नाही, नावं नाहीत. जमेल ते सगळ्यांचं मिळून एका पाकिटात जातं आणि पाकिटावर चौदाही नावं असतात, ज्यांनी काही टाकलं नसेल त्यांचीसुद्धा.

सातवी. वर देणगी जात नाही. म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या माणसाला भेटवस्तू द्यायची नाही. समन्वयक, बँकेतले साहेब, पंचायतीतले अधिकारी, माल घेणारा व्यापारी, कुणीही असो. सरकारी माणसांना भेटी घेण्यावर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ यांचं बंधन आहे. त्यामुळे आपण दिलं तर त्यांचीही अडचण आणि आपलीही. एका गटानं साहेबांना शाल दिली की दुसऱ्या गटाला वाटतं, आपलं कर्जप्रकरण शालीशिवाय पुढं जाणार नाही. चहा द्या, तिळगूळ द्या, दोन शब्द चांगले बोला, पुरे. आणि वरच्यानंही खाली देताना विचार करावा. मी दिलेला डबा परत फेडायला लागेल असं त्या बायांना वाटलं, कारण मी समन्वयक होते. आता मी फक्त घरचे लाडू नेते, सगळ्यांनी एकत्र बसून खायचे.

आठवी रीत, जिच्याबद्दल बोलायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमच्यात दोघी विधवा आहेत. हळदीकुंकू चालू झालं की त्या दोघी उठून वजनकाट्याकडे जायच्या आणि पिशव्या भरत बसायच्या. कुणी त्यांना जा म्हणत नव्हतं, पण थांबा असंही कुणी म्हणत नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गटात ते वाचून दाखवलं. आता आमच्याकडे त्या दिवसाला तिळगुळाचा दिवस म्हणतात. वाण चौदाजणींना मिळतं, चौदाजणी देतात. त्या दिवशी वजनकाट्यावर कुणी नसतं. आमच्या एक भाभी आहेत, त्याही देतात-घेतात. आणि कुणाला यात भाग घ्यायचाच नसेल तर कारण विचारायचं नाही. "नको" एवढं उत्तर पुरे.

आता काही जणी म्हणतील, ही आपली जुनी प्रथा आहे, तिला मर्यादा कसली घालता? मग जुनी प्रथा खरंच आठवून बघा. संक्रांतीच्या सुगडात काय असायचं? ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, तीळ. म्हणजे त्या दिवसांत शेतात जे आलं ते. ते एकमेकींना द्यायचं. त्यात दुकानाचं काही नव्हतं. स्टीलचा डबा मागाहून आला, आणि आमच्याकडे तर तो मीच आणला.

आणि खर्चाला आवर घालणं हेही आपल्या मातीत नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तेव्हा साध्या, कमी खर्चाच्या लग्नाची रीत घालून दिली. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनातून कर्ज काढून सण आणि लग्नं करू नका असं सांगत फिरले. आपल्या आज्ज्यांनी ती कीर्तनं ऐकलेली आहेत.

कुणाला वस्तू छान द्यायची हौस असेलच, तर आणखी एक वाट आहे. शेजारच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताया चिठ्ठ्या टाकतात. ज्या नावाची चिठ्ठी निघेल, तिला एकीलाच वस्तू द्यायची. शंभराची मर्यादा ठेवली तरी एका बाईचे शंभरच जातात, आणि प्रत्येकीला एक बऱ्यापैकी कामाची वस्तू मिळते. फक्त ती शंभराची मर्यादाही चिंचोक्यांनीच ठरवा.

त्या वहिनीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी बैठकीत तिची माफी मागितली. कशाबद्दल ते तिच्या परवानगीनं सांगितलं. थकलेले हप्ते पुढं ढकलून गटानं तिला तीन महिने वाढवून दिले, आणि ते कर्ज फिटलं. गेल्या संक्रांतीला तिनं परसातलं दोडक्याचं आणि भोपळ्याचं बी वाण दिलं, कागदाच्या तेरा पुड्या. पुड्या बांधायची कल्पना तिला चिंचोक्यांवरूनच सुचली म्हणाली. पावसाळ्यात काकूंच्या कुडावर भोपळ्याचा वेल चढला होता. पहिला भोपळा त्यांनी कामावर आणला, दुपारच्या जेवणाला सगळ्यांनी मिळून त्याची भाजी केली.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. वाटीभर चिंचोके न्या. नसतील तर शेंगदाणे चालतील, फक्त कुणी खाऊ नका. पुड्या बांधा, लहानातली लहान पुडी बघा आणि ती रक्कम इतिवृत्ताच्या वहीत लिहा. लहान पुडी कुणाची होती, ते मात्र विचारू नका. अंदाजही बांधू नका.

तिळगूळ आगाऊच देते.